परंपरा जपायची म्हणजे कोणाला जपायचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात यात्रांचा हंगाम जवळ आला की गावोगावच्या बैठकांत तोच वाद नव्याने उभा राहतो. महालक्ष्मीच्या यात्रेत डीजे असावा की हलगी, वार पाळणूक (देवीच्या वारी सगळ्या गावाने काम बंद ठेवणे) किती आठवडे चालावी, गोंधळी मिळत नसेल तर ध्वनिमुद्रित गोंधळ लावावा का, देवीचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) डोक्यावर घेणारी जोगतीण (देवीला वाहिलेली सेविका) गावात उरली नसेल तर काय करायचे, असे अगदी नेमके प्रश्न तिथे निघतात. पण थोड्याच वेळात चर्चा ते प्रश्न सोडून मोठमोठ्या शब्दांवर जाते. एक बाजू म्हणते, सीमाभागातल्या मराठी माणसाच्या हाती सत्ता नाही, सरकारी कागदावर त्याची भाषा नाही, त्याच्याकडे उरले आहेत ते सण, यात्रा आणि कुळाचार. तेव्हा त्यांतली काडीसुद्धा इकडची तिकडे होता कामा नये. दुसरी बाजू, जी बहुधा शिकून बाहेर पडलेली असते, ती म्हणते की पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला किंवा आखातात कामाला गेलेल्या पिढीला या विधींचा काही उपयोग नाही. त्यांत जातीची उतरंड आहे, खर्च आहे, कर्ज आहे. जागतिकीकरणाच्या रेट्यात ते गळून पडतील आणि ते पडू द्यावेत. एका बाजूला अस्मिता बुडण्याची भीती आहे, दुसरीला मागासलेपणाची लाज आहे. दोघांच्याही बोलण्यात विधी करणारा माणूस कुठे दिसत नाही.

हा वाद मला चुकीच्या पायावर उभा असलेला वाटतो. विधी म्हणजे जणू एखादा जुना वाडा, असे दोन्ही बाजू धरून चालतात. एकीला त्याची डागडुजी करायची आहे, दुसरीला तो उतरवायचा आहे. प्रत्यक्षात विधी हा काही माणसांनी काही माणसांसाठी, परस्परांच्या नात्यातून, पुन्हा पुन्हा करायचा व्यवहार आहे. संबळ वाजवणारा गोंधळी, जग घेणारी जोगतीण, हलगी शेकून वाजवणारा, रथाची चाके बसवणारा सुतार, गाऱ्हाणे घालणारा पुजारी, ओटी भरायला आलेली माहेरवाशीण, या प्रत्येकाचे त्यात काही देणे असते आणि काही येणे असते. म्हणून माझी भूमिका अशी आहे की अल्पसंख्य समाजाचा विधी जपायचा असेल, तर तो पार पाडणाऱ्यांचे हक्क जपले पाहिजेत. आणि त्या हक्कांत विधी बदलण्याचा, वेळ आली तर तो नाकारण्याचाही हक्क येतो. हा शेवटचा भाग ज्यांना मान्य नाही, त्यांना परंपरा हवी आहे पण तिचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर हवा आहे.

आधी अस्मितेची बाजू घेऊ, कारण सीमाभागात तिच्यामागे खरे दुःख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. या सीमावादासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल पुढच्या वर्षी आला, तो महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आजोबा, वडील आणि नातू असे तिघेही एकाच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत मोठे झाले, अशी घरे इथे गल्लोगल्ली आहेत. अशा समाजाला शिवजयंतीची रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक, पंढरीची दिंडी किंवा गावची यात्रा यांतून आपण अजून इथे आहोत याची खात्री मिळते. राज्यसंस्थेचे पाठबळ नसलेल्या कोणत्याही भाषिक समाजाचे हेच होते, आणि दुरून त्याला भावनिकता म्हणणे सोपे आहे. विधीतून समाजाला बळ मिळते हे मी पूर्णपणे मान्य करतो.

मान्य नाही ते एवढेच, की त्यासाठी विधीचा झेंडा करावा. झेंडा एका बाजूचा असतो. या भागातले विधी मात्र मुळातच एका भाषेचे नाहीत. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षात आणि माघात पौर्णिमेला जी गर्दी लोटते, तिच्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचे मराठी भाविक आणि धारवाड, बागलकोट, विजयपूरकडचे कन्नड भाविक एकाच रेणुकेपुढे, म्हणजे यल्लम्मापुढे, भंडारा उधळतात. एक ‘उदं गं आई उदं’ म्हणतो, दुसरा ‘उधो उधो’. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काला माघ महिन्यात दोन्ही राज्यांतले धनगर आणि शेतकरी बैलगाड्या जुंपून येतात. मंगसुळीचा खंडोबा मिरजेपासून हाकेच्या अंतरावर, पण बेळगाव जिल्ह्यात आहे. कन्नड भक्त त्याच देवाला मैलार म्हणून ओळखतो, आणि त्याच्या दोन बायकांपैकी म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. ज्ञानेश्वरांनी पंढरीच्या विठ्ठलालाच कानडा म्हटले आहे. चौंडके या वाद्यावर गाणारा जोगती (यल्लम्माचा उपासक) मध्यरात्री मराठी पदावरून कन्नड पदावर जातो, तेव्हा त्याला अडखळताना कोणी पाहिले आहे का? राज्याची सीमा १९५६ सालची आहे, आणि हे येणेजाणे तिच्या कितीतरी आधीचे आहे. मग मराठी विधी वाचवण्याच्या घोषणेखाली त्यातला कन्नड भाग खुडून टाकला, किंवा कन्नड नाडाची लोककला म्हणून त्यातला मराठी भाग दडवला, तर जे उरेल त्याला सौंदत्तीची वाट चालणारी म्हातारी तरी ओळखेल का? भाषेचा हक्क शाळेत, कचेरीत आणि न्यायालयात मागायचा असतो, आणि तो जोराने मागितलाच पाहिजे. पण तिथे मिळाले नाही म्हणून देवळात त्याची भरपाई करू लागलो, की देवळातलेही हातचे जाते.

अस्मितेच्या बाजूला आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे, आणि ती विचारताना आपण मराठी भाषकांनी थोडे अस्वस्थ व्हायला हरकत नाही. संविधानाचे २९ वे कलम वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या गटाला ती जतन करण्याचा हक्क देते. आपण हे कलम वारंवार पुढे करतो आणि ते योग्यच आहे. पण तो हक्क आपल्याहून लहान गटांनाही तितकाच आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि तिथून पुढे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडपर्यंत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून, मोठ्या प्रमाणात पोर्तुगीज गोव्यात, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बहुतेक कोकणी बोलतात, तिच्यात कन्नड आणि मराठी मिसळलेली असते. डमाम या त्यांच्या ढोलाचा ठेका मात्र धर्माच्या भिंती ओलांडून सगळ्यांचा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० सालच्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. मधल्या सतरा वर्षांत आपल्या किती सभांमध्ये त्यांचा विषय निघाला? सांस्कृतिक कार्यक्रमात डमाम वाजवायला त्यांना बोलावले जाते, टाळ्याही पडतात. त्यांच्या जमिनीच्या प्रश्नाला मात्र व्यासपीठ मिळत नाही. त्याच जंगलात गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. त्यांचे सणवार जनावरे, चराई आणि देवराई यांच्याशी बांधलेले आहेत. २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले, चराईवर बंधने आली, आणि २००६ सालच्या वनहक्क कायद्याचा लाभ कागदपत्रांअभावी दुर्बळांपर्यंत किती कष्टाने पोहोचतो हे या भागात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हशी विकून शहरात वॉचमनकी करणाऱ्या कुटुंबाने दसऱ्याला रानातल्या देवाला काय अर्पण करायचे?

जपानमधल्या ऐनू समाजाची हकिकत इथे आठवते. १८९९ साली जपानी सरकारने या समाजाच्या संरक्षणाच्या नावाखाली जो कायदा केला, त्याने त्यांना शेतीला जुंपले आणि जपानी शाळांत घातले. त्यांची भाषा आणि विधी त्यातून मोडत गेले. जवळपास शंभर वर्षांनी, १९९७ साली, तो कायदा रद्द करून ऐनू संस्कृतीच्या संवर्धनाचा नवा कायदा झाला. २०१९ सालच्या कायद्यात ते मूळनिवासी असल्याचे मान्य झाले. २०२० साली होक्काइडोमध्ये त्यांच्या नावाने भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडले. नृत्य शिकवायला पैसा आला, भाषेचे वर्ग निघाले. पण ज्या सॅमन माशाभोवती त्यांचा मोठा विधी आहे, तो मासा नदीतून पकडायला आजही सरकारी परवानगी लागते, आणि २०२० साली एका ऐनू गटाला त्यासाठी न्यायालयात जावे लागले. संस्कृतीला मंच मिळाला आणि नदी मिळाली नाही. खानापूरच्या रानात आपण यापेक्षा वेगळे काय करतो आहोत?

सुधारकांची बाजू याहून अवघड आहे, कारण ती बहुतांशी खरी आहे. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा याच परिसरातली आहे, आणि देवीच्या नावाखाली त्या मुलींचे जे झाले त्याला संस्कृती म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मुंबई इलाख्याने १९३४ साली, कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले. निपाणी आणि गडहिंग्लज भागातल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी गावोगाव शिव्या खाल्ल्या. शिमोगा जिल्ह्यातल्या चंद्रगुत्तीला विवस्त्र होऊन देवीला जाण्याच्या प्रथेवर १९८६ साली बंदी आली. जातीचेही तेच. यात्रेत हलगी वाजवणे, रेडा कापणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे ज्यांच्याकडे होती, त्यांना गाव ‘मानकरी’ म्हणत असे. पण जो मान नाकारता येत नाही, तो मान कसला? १९२५ साली निपाणीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, आणि त्यानंतरच्या काळात गावोगावच्या दलित वस्त्यांनी ही कामे सोडली. कित्येक ठिकाणी त्यांच्यावर बहिष्कार पडले, तरी त्यांनी हलगी पुन्हा उचलली नाही. १९५९ साली म्हैसूर राज्यात पशुबळीविरुद्ध कायदा झाला, १९६१ सालच्या कायद्याने वतनी गावकामगारी, म्हणजे पिढीजात गावसेवा, मोडली. यांतला एकही बदल मागे फिरावा असे मला वाटत नाही, आणि ज्याला वाटत असेल त्याने त्या सेवेची सुरुवात आपल्या घरातून करावी.

पण यातून सुधारक जो निष्कर्ष काढतात, की विधी हाच मुळी गुलामीचा अवशेष असल्यामुळे तो संपलेलाच बरा, तो निघत नाही. या सर्व उदाहरणांत नाकारली गेली ती सक्ती होती. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा देवत्व बाटेल, परंपरा बुडेल अशी ओरड झाली होती. मंदिर खुले झाले, आणि वारी आज त्या काळापेक्षा किती मोठी आहे ते आषाढीला दिसतेच. बेळगावातल्या वडगावच्या मंगाईदेवीच्या यात्रेत देवळावर कोंबडीची पिल्ले उडवण्याच्या प्रथेला विरोध झाला, निर्बंध आले. मंगाईची गर्दी त्यामुळे ओसरली नाही. जोगती परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांच्याकडे पाहा. घराने नाकारलेल्या, भिक्षा मागून जगलेल्या या तृतीयपंथी कलावतीने जोगती नृत्य स्वतःच्या अटींवर उभे केले. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलगी देवीला सोडण्याची प्रथा आणि चौंडक्यावरची पदे ही एकाच गाठोड्यात बांधलेली असली तरी ती वेगवेगळी सोडवता येतात, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले. मात्र कोणती गाठ सोडायची आणि कोणती ठेवायची हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांच्यासारख्यांचा आहे. बाहेरून आलेला सुधारक आणि बाहेरून आलेला अस्मितावादी, दोघेही तो अधिकार स्वतःकडे घेतात, तिथे मला दोघांत फार फरक दिसत नाही.

आता जागतिकीकरणाबद्दल. त्याचे नाव घेतले की मोबाइल, इंग्रजी शाळा आणि डीजे यांच्या नावाने खडे फोडले जातात. प्रत्यक्षात विधीवर त्याचा सर्वांत खोल परिणाम वेळेच्या आणि मजुरीच्या वाटेने होतो. वार पाळणुकीचे उदाहरण घेऊ. यात्रेच्या आधी ठरावीक आठवडे, बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी, सारे गाव काम बंद ठेवते आणि देवीचे वार पाळते. गाव शेतीवर होते तेव्हा ही विश्रांती सर्वांच्या वाट्याला जवळपास सारखी येत असे. औत थांबले तर मालकाचेही थांबे आणि सालगड्याचेही, आणि बैलांनाही दोन घटका उसंत मिळे. आज त्याच गल्लीत एकजण सरकारी नोकरीत आहे, एकजण फाउंड्रीत पाळीवर आहे, एकजण यंत्रमागावर नगामागे मजुरी घेतो. वार पाळला तर पहिल्याचे काहीच जात नाही, दुसऱ्याची रजा जाते, तिसऱ्याच्या चुलीवर परिणाम होतो. वडगाव-शहापूर-खासबागच्या विणकर वस्त्यांत माग बंद राहिला की आठवड्याच्या हिशेबात ते लगेच दिसते. परंपरावादी म्हणतो, वार मोडणाऱ्याला दंड करा. सुधारक म्हणतो, ही पाळणूकच बंद करा. ज्याची मजुरी बुडते त्याला मात्र कोणीच विचारत नाही, आणि विचारले तर तो कदाचित असे सांगेल की देवीचा वार मलाही पाळायचा आहे, फक्त त्याची किंमत मी एकट्याने का मोजावी? यात्रेची पट्टी गोळा होते, तिच्यातून मंडप, रोषणाई, कुस्त्यांचे आखाडे आणि महाप्रसाद होतो. त्याच पट्टीतून हातावर पोट असलेल्या घरांना बुडालेल्या मजुरीचा काही भाग देता येणार नाही का? तसे झाले तर वार पाळणूक पुन्हा सगळ्या गावाची होईल, आणि दंडाची भाषा कोणाला करावी लागणार नाही.

डीजेच्या बाबतीतही हेच आहे. डीजेवाला येतो तो करार करून, आगाऊ रक्कम घेऊन, वेळ ठरवून. संबळवाल्याला आपण नारळ, शेला, पोटभर जेवण आणि खुशीने जे देऊ ते देतो, आणि त्याने ते प्रसाद समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतो. मग त्याच्या मुलाने संबळ सोडून डीजेच्या गाडीवर काम धरले, तर संस्कृतीचा द्रोह त्याने केला की आपण? बाजाराचे सगळे दोष मान्य करूनही त्याचा एक गुण नाकारता येत नाही: तो दाम उघड सांगतो. जुन्या बलुत्यात दामाच्या जागी नाते होते, पण त्या नात्यात एक पायरी वर आणि एक पायरी खाली होती. ती पायरी मोडली हे चांगले झाले. तिच्या जागी दामही आला नाही, हे वाईट झाले, आणि गोंधळ्याचा संबळ कोनाड्यात गेला तो याच मधल्या पोकळीत. (लग्नात हॉलचे, केटरिंगचे आणि ड्रोनच्या चित्रीकरणाचे बिल न कुरकुरता भरणारी माणसे गोंधळ्याशी मात्र शे-दोनशेवरून घासाघीस करतात, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.)

सरकारी महोत्सवांनी ही पोकळी भरत नाही. गोंधळ हा रात्रीचा विधी आहे. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलवायचे, मग आख्यान, आणि उजाडताना आरती. यजमानाचा कुळधर्म फिटतो तो या सगळ्या रात्रीने. महोत्सवात त्याला दहा मिनिटे मिळतात, देवतांची नावे गाळली जातात, आणि ज्याचा कुळधर्म फिटायचा असा यजमानच तिथे नसतो. राजस्थानातल्या कालबेलिया समाजाचेही असेच झाले. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांचा साप धरण्याचा पिढीजात व्यवसाय संपला, पोट भरायला नृत्य उरले, ते पर्यटकांसाठी मंचावर गेले, आणि २०१० साली युनेस्कोच्या यादीत आले. त्यातून काही घरांना प्रतिष्ठा आणि पैसा मिळाला, हे चांगलेच आहे. पण त्या यादीमागचा २००३ सालचा करार, ज्याला भारताने २००५ साली मान्यता दिली, तो स्वतःच असे मानतो की वारसा कोणता हे तो जगणाऱ्या समाजाने ठरवायचे असते, तो पिढीगणिक नव्याने घडत असतो, आणि मानवी हक्कांशी विसंगत असेल त्याला वारसा म्हणून संरक्षण नाही. आपली दोन्ही राज्य सरकारे आणि आपल्या यात्रा कमिट्या एवढे तीन मुद्दे जरी पाळतील, तरी मला वेगळा लेख लिहावा लागणार नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. विधी करणाऱ्यांवर सोडले तर ते सोडून देतील, असा तो आहे. शेवटचा जाणता गोंधळी गेला की त्याच्याबरोबर आख्याने जातील. मग हक्काच्या गप्पा कोणाशी मारायच्या? या भीतीत तथ्य आहे. आपल्याकडच्या ग्रामदेवतेच्या यात्रा अनेक गावांत दरवर्षी होत नाहीत. कुठे पाच वर्षांनी, कुठे त्याहून कितीतरी मोठ्या खंडाने होतात. देवी गदगेवर (यात्रेतल्या तिच्या बैठकीवर) कशी बसवायची, सीमेला कोणत्या वाटेने न्यायची, कोणत्या वस्तीने कोणते काम करायचे, हे ज्यांनी मागची यात्रा पाहिली त्यांनाच ठाऊक असते. एक यात्रा चुकली की मधली पिढी कोरी राहते. जपानमधल्या इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून मध्ययुगातल्या खंडासह ही रीत चालत आली आहे, आणि २०१३ साली ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले. वीस वर्षांचे अंतर असे की तरुणपणी हाताखाली राबलेला सुतार पुढच्या खेपेला शिकवणारा होतो. पण हे चालते त्याचे कारण तिथे सुताराला त्याच्या कामाचा मोबदला आणि मान मिळतो. आपल्याकडे रथ घडवणारा सुतार दोन यात्रांच्या मधल्या वर्षांत काय खातो, याची विचारपूस कोणत्या कमिटीने केली आहे?

सक्तीने मात्र विधी टिकत नाही, आणि गंमत अशी की सक्तीने तो संपतही नाही. कॅनडाने १८८५ पासून पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळनिवासींच्या पॉटलॅच या दानविधीवर बंदी घातली. १९२१ साली एका मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना अटक झाली, मुखवटे आणि तांब्याचे पत्रे जप्त होऊन संग्रहालयांत गेले. तरी लोकांनी तो लपूनछपून चालू ठेवला, आणि १९५१ साली बंदी उठल्यावर उघडपणे सुरू केला, कारण तो त्यांना हवा होता. पुढे त्यांनी जप्त झालेल्या वस्तूही परत मागून घेतल्या. विधी हवासा वाटणे, हीच त्याच्या टिकण्याची पहिली अट आहे. आणि जो विधी करणाऱ्याला अपमान आणि उपासमार देतो तो हवासा कसा वाटेल? तेव्हा करणाऱ्यांवर सोडले तर ते सोडतील, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी ते का सोडतील हे आधी तपासावे. मजुरी नाही म्हणून सोडत असतील तर मजुरी द्यावी. मुलांना मराठी वाचता येत नाही म्हणून पदे पुढे जात नसतील, तर मराठी शाळा वाचवण्याची लढाई यात्रेच्या मंडपाइतक्याच जोमाने लढावी. जातीचा शिक्का बसतो म्हणून सोडत असतील, तर संबळ आणि हलगी शिकण्याचे दार कोणत्याही जातीच्या आणि कोणत्याही भाषेच्या मुलामुलींना उघडावे, आणि शिकवणाऱ्याला गुरू म्हणून मानधन द्यावे. आणि इतके करूनही एखाद्या घराने ठरवले की आता पुरे, तर गावाने त्याला बैठकीत उभे करून जाब विचारू नये. त्यांना ठाऊक असलेली पदे, देवतांची नावे आणि रीती त्यांच्या संमतीने लिहून घ्याव्यात, त्या कामाचा मोबदला द्यावा, आणि ध्वनिमुद्रणाची प्रत आधी त्यांच्या घरी द्यावी, मग ग्रंथालयात.

हे सगळे करायला कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही, आणि सीमाप्रश्नाच्या निकालाचीही वाट पाहावी लागत नाही. यात्रा कमिटीत आज कोण बसते ते पाहा: जमीनदार घरे, राजकीय कार्यकर्ते, वर्गणी मोठी देणारे. संबळवाल्याला, जोगतिणीला, हलगीवाल्याला यात्रेची तारीख ठरल्यावर निरोप जातो. पुढच्या यात्रेची बैठक बसेल तेव्हा त्यांना तारीख ठरवायलाच बोलवावे, आणि खर्चाचा अंदाज मांडताना त्यांचे मानधन मंडपाच्या आधी लिहावे. यात्रेची पत्रिका मराठीत छापावी, कारण ती आपली भाषा आहे. आणि ज्या गावात कन्नड घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच देवीची ओटी भरत आली आहेत, तिथे ती कन्नडमध्येही छापावी. काही मंडळी याला माघार म्हणतील. त्यांना मी एवढेच विचारीन की ज्या गावात कन्नड जोगत्याने रात्रभर मराठी पदे गायिली, त्या गावाने पत्रिकेवर त्याच्या भाषेला चार ओळी दिल्या, तर सीमाप्रश्नातला आपला कोणता दावा दुबळा होतो?